रतनने बंद केलेली किंचाळी

रतन गायकवाडला पथनाट्य स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. मला तिरकं बोलायची सवय आहे, पण हे वाक्य सरळच घ्यावं.

रतन विश्रांतवाडीची. वडील दशरथ दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी भीमगीतांच्या गायनपार्टीत ढोलकीवर. ढोलकी घरातल्या भावाच्या वाट्याला गेली, म्हणून हिने डफ उचलला आणि मग खाली ठेवलाच नाही. कॉलेजात समाजशास्त्र शिकताना तिने चार मैत्रिणी जमवून बायकांना होणाऱ्या मारहाणीवर पथनाट्य बसवलं. कॉलेजच्या आवारात, कॅन्टीनसमोर, जिथे चार माणसं उभी राहतील तिथे या मुली प्रयोग करायच्या. तालमीला मात्र जागा नव्हती. गटातल्या सोनालीच्या आत्याची शनिवार पेठेतली एक रिकामी खोली मिळाली, आणि ती नेमकी आमच्या भिंतीला लागून होती.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ज्याला त्याला आपला मुलगा संगणकात हवा होता. माझा नवरा गोपाळकृष्ण संगणकातच होता. अमेरिकेला जाणारा आमच्या इमारतीतला तो पहिला माणूस ठरणार होता, त्यामुळे पोरांना कुठला कोर्स लावायचा हे विचारायला लोक त्याच्याकडे येत. मी त्यांना चहा द्यायची. हा माणूस मला मारतो असं मी सांगितलं असतं, तर त्यांनी मलाच चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या.

मुलींच्या नाटकात नवरा बायकोवर हात उगारतो असा प्रसंग होता. बायको झालेली सोनाली अशी किंचाळायची की अंगावर काटा यावा. पहिल्या दिवशी खालचे बद्रीनाथकाका धावत वर आले. पुढे सगळ्यांना सवय झाली. किंचाळी ऐकू आली की लोक म्हणायचे, नाटकवाल्या पोरी आल्या वाटतं.

ही सोय माझ्या नवऱ्याच्या लगेच लक्षात आली. पूर्वी तो हात उचलण्याआधी खिडकी लावून घ्यायचा. एका संध्याकाळी त्याने ती उघडीच ठेवली आणि म्हणाला, “ओरड ना. तालीम वाटेल लोकांना.” मार मला नवा नव्हता. पण त्या वाक्याने माझ्यातलं बळच गेलं. आता आपण मेलो तरी लोक नाटक समजतील, असं वाटलं आणि मी ओरडायचं सोडलं.

सोडलं तरी एकदा तोंडातून निघालंच. दुसऱ्या दिवशी आमच्या समोरच्या इंदुबाईंनी गॅलरीत रतनला गाठलं. इंदुबाईंना सगळ्यांच्या सगळ्याच गोष्टींचा त्रास होत असे.

“अहो, काल किती किंचाळलात. माणसांनी दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकायच्या की नाही?”

“काल?” रतन म्हणाली. “काल आमचा कॉलेजात प्रयोग होता. खोलीला कुलूप होतं.”

मी पलीकडे कपडे वाळत घालत होते. रतनने माझ्याकडे पाहिलं. मी पदर खांद्यावरून ओढून घेतला. इंदुबाईसुद्धा तक्रार अर्ध्यावर टाकून माझ्याकडे बघायला लागल्या, हे मी प्रथमच पाहिलं.

त्याच दिवशी भिंतीपलीकडे मुलींचं भांडण झालं. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि रतन किंचाळी काढायला निघाली होती.

“अगं, तिथंच तर लोक रडतात,” सोनाली म्हणाली. “सगळा इम्पॅक्ट जाईल.”

“जाऊ दे. आपल्या तालमीच्या आडोशानं पलीकडं एक बाई मार खातेय. मारायच्या जागी मी डफावर थाप देईन. तोंडातून कुणी आवाज काढायचा नाही.”

मग ती इमारतीतल्या प्रत्येक दारावर गेली. आमच्याही. दार माझ्या नवऱ्याने उघडलं. रतनने त्यालाही तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगितलं होतं. “आमच्या नाटकात आता कुणी ओरडत नाही. यापुढं ओरडणं ऐकू आलं तर ते खरं समजा.” नंतर ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, तुम्हालाही सांगून ठेवते.”

दोन दिवस त्याने हात आवरला. तिसऱ्या संध्याकाळी भाजीत मीठ जास्त झालं. त्याने हात उचलला आणि मी असेल नसेल तेवढा जीव एकवटून ओरडले. पलीकडे डफ वाजत होता, तो थांबला. मग तोच डफ आमच्या दारात वाजायला लागला. दारं उघडल्याचे आवाज आले. कडी मीच काढली. समोर रतन आणि तिच्या मुली, मागे बद्रीनाथकाका, आणि सगळ्यांना बाजूला सारत पुढे आलेल्या इंदुबाई. चौकीत साक्षही त्यांनीच दिली, हवालदाराला दोनदा झापून.

आज रतन खराडीच्या एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. अजून रविवारी डफ घेऊन कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जाते. मी येरवड्याला माझ्या स्वतःच्या कमाईच्या घरात राहते. खिडकी उघडी टाकून निवांत झोपते, आणि हे सुख मला कुणामुळे मिळालं ते मी विसरत नाही.

तेव्हा त्या आठवड्याअखेरच्या स्पर्धेला मी आणि इंदुबाई प्रेक्षकांत बसलो होतो. मी नवऱ्याचं घर सोडलं होतं आणि माझं सामान सोनालीच्या आत्याकडे होतं. प्रयोग झाल्यावर परीक्षक माइकवर म्हणाले, “प्रयत्न चांगला आहे. पण मार खाणारी बाई एकदाही ओरडत नाही, हे काही पटत नाही.”

रतन मान खाली घालून हसत होती. इंदुबाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

“ओरडली होती,” त्या म्हणाल्या. “आम्ही ऐकलं.”