काजवालीची रिकामी दहा मिनिटं

काजं करण्यात काजवालीचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी स्टुलावर बसून तिने दुनियेच्या शर्टांना काजं केली. हातात सुई नसली की ही बाई कपाट आवरायची, आणि आवरून झालं की तेच पुन्हा आवरायची.

"अहो बाई, घटकाभर टेका की!" दुकानाचे शिंपीमास्तर म्हणायचे.

"टेकले तर गंजेन," ती म्हणायची. लोक हसायचे. आता त्यांना काय ठाऊक! रिकामं बसलं की गेलेली धाकटी बहीण समोर येऊन उभी राहते, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या बहिणीची मुलगी हिनेच वाढवली. पोर शिकली-सवरली, हॉस्पिटलात डोक्याचे फोटो काढायच्या मशीनवर कामाला लागली. लहानपणापासून तिचा एकच प्रश्न, "मावशी, आई शेवटी काय बोलली गं?" आणि हिचं एकच उत्तर, "काही नाही. झोपेतच गेली."

एक दिवस भाची म्हणाली, "आमच्या डॉक्टरीणबाईंना तपासायला धडधाकट म्हातारी माणसं हवीत. चल. करायचं काही नाही, नुसतं पडायचं."

"मग आमचा इस्त्रीवाला ने. तो त्यात पटाईत आहे."

पण भाचीपुढे हिचं कधी चाललंय? गेली. मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून सुई टोचू नये यासाठी बोटात घालायचं टोपणसुद्धा काढून ठेवावं लागलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हात थांबले म्हणून डोकं थांबत नाही. काम नसलं की डोक्यातले काही भाग उलट एकमेकांशी जास्तच बोलतात. मी कशी, माझं काय झालं, काय चुकलं, हेच उगाळत बसतात. आम्हाला तेच बघायचंय. दहा मिनिटं हलू नका, आणि ठरवून कसलाही विचार करू नका."

मशीन खडखडलं, थांबलं. माईकवर भाचीचा आवाज आला, "मावशी, बोटं का हलत होती तुझी?"

"एक शर्ट पुरा झाला गं मनातल्या मनात. कॉलरचं काज तेवढं राहिलंय."

"अगं, ते कामच झालं की! फोटो वाया गेला. आता पुन्हा, आणि काजं बंद."

दुसऱ्या खेपेला काजवालीने बोटं सैल सोडली. मग धाकटी आलीच.

भर दुपार. खाटेवर धाकटी, खाटेशी ही, आणि हिच्या मांडीवर संध्याकाळी द्यायचा कोट. धाकटी म्हणाली, "ताई, ते ठेव ना खाली. माझ्याकडे बघ." ही म्हणाली, "एवढं काज होऊ दे." काज झालं. दातांनी दोरा तोडून वर पाहिलं, तर धाकटीचे डोळे हिच्याकडेच लागलेले होते. पण त्यांतून बघणारी निघून गेली होती.

"या वेळी छान आला फोटो," भाची हिला उठवून बसवत म्हणाली. मग दचकली. "मावशी, कान ओले कसे गं?"

"तुझी आई झोपेत नाही गेली," काजवाली म्हणाली. आणि कोट, दुपार, 'एवढं काज होऊ दे', सगळं सांगून टाकलं.

 भाची म्हणाली, "मग माझं नावसुद्धा नाही घेतलं तिने? मी आठवलेच नसेन का गं तिला?"

'घेतलं की गं' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

"मला कसं कळणार, बाळा," काजवाली म्हणाली. "तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलंच नाही."