फोटो घरीच राहिले

छापखाना बंद पडला आणि माझी नणंद आमच्याकडे राहायला आली. छापखान्यात वन्सं पत्रकं जुळवायच्या. आता वेबसाइट करायला शिकत होत्या, तेही इंटरनेट न जोडता. "चुकून काही जगाला दिसलं तर?" ही धास्ती. ह्यांनी त्यांना तयार साचे आणून दिले होते. वर नाव, मध्ये फोटो, खाली पत्ता, अशी रिकामी पानं. मजकूर बदलला की तेच पान कधी दवाखान्याचं, कधी शिंप्याचं. एक तर आमच्या स्वयंपाकघराचं. त्यात मी "मालकीण" आणि ह्यांच्या फोटोखाली "तक्रार विभाग".

वेबसाइट करणाऱ्या एका कार्यालयात जागा निघाली. स्वतः केलेलं पान घेऊन या, म्हणाले. इथे नकार आला तर वन्सं पुन्हा कुठलंही दार ठोठावणार नाहीत, हे मी ओळखून होते. म्हणून सोबत गेले. जिन्यातच त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडलेला.

"वहिनी, परत जाऊ या."

"जाऊ की. आधी वर तर चला."

आतल्या मॅडमनी पेन ड्राइव्ह लावला. शिंप्याचं पान उघडलं, पण फोटोंच्या जागी नुसत्या चौकटी! मनात देवाचा धावा सुरू.

"फोटो कुठायत?"

"घरी," वन्सं पुटपुटल्या. "म्हणजे, पानाला फोटोंचा पत्ता आमच्या लॅपटॉपवरचा दिलाय. दुसरीकडे कधी उघडूनच बघितलं नाही. भीती वाटायची."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मग आता?"

वन्संनी दाराकडे बघितलं. गेल्याच ह्या, असं मला वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पेन ड्राइव्हवरचा रिकामा साचा उघडला, त्या कॉम्प्युटरवरचे फोटो घेतले. "आता फोटो पानाच्या शेजारीच ठेवते. पान जाईल तिथे तेही जातील." दोनदा चुकल्या, तरी चौकटी एकेक करून भरल्या.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. "इथलं काम मात्र थेट इंटरनेटवर चढतं हं."

जिन्यात वन्सं मटकन खाली बसल्या. "चुकलं तर सगळ्यांना दिसेल हो, वहिनी."

मी देवाचं नाव घेत शेजारी बसले.

संध्याकाळी त्यांनी आपणहून ह्यांना इंटरनेट जोडायला सांगितलं. आमच्या स्वयंपाकघराचं पान चढवायचं ठरलं.

"अगं, माझ्या फोटोखालचं तेवढं काढ!" हे ओरडले.

"राहू दे, दादा."

बटण दाबताना वन्संनी माझा हात पकडला. त्यांचा हात अजून गारच होता.