डाव्या कोपऱ्यातली माती

रोझालीन वोयचिकने रिव्हेटर्स संघाच्या बेसबॉल मैदानात एकतीस वर्षं प्रेक्षकांना खुर्च्या दाखवल्या आणि हातातल्या फडक्याने पुसून दिल्या. नवरा कॅझ पोलाद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिच्याच विभागात येऊन बसायचा. "बाई, माझी पण पुसा की," म्हणून तिला छळायचा. तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे तिने त्याची रक्षा मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातल्या मातीत मिसळली. काम नियमाबाहेरचं, म्हणून मुलीलाही सांगितलं नाही. सामन्याआधी तिथे उभी राहून ती त्याला गावच्या बातम्या सांगायची.

मग संघमालकाने धमकी दिली, काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, पैसे दिले नाहीत तर संघ टेनेसीला नेतो. त्या पैशांसाठी विक्रीकर वाढवायचा का, यावर मतदान ठरलं. संघ गेला तर कॅझ एकटा पडेल, या धास्तीने रोझालीन सुजलेले गुडघे घेऊन कराच्या बाजूची पत्रकं वाटत दारोदार हिंडली.

"आमच्या चपलांवर कर लावून त्या कोट्यधीशाला पोसायचं?" शेजारचा डेल म्हणाला. "त्याला म्हणावं, स्वतःच्या खिशात हात घाल."

"तो नाही घालायचा. आणि संघ गेला की सगळ्यात आधी तूच रडशील. दे मत गुपचूप."

डेलने दिलं. कर मंजूर झाला, संघ राहिला. पण पैसा होता हमरस्त्याजवळच्या नव्या स्टेडियमसाठी. जुनं पाडायचं होतं. पत्रकाच्या मागच्या बाजूला ते स्वच्छ छापलं होतं. सहाशे घरांत ती पत्रकं वाटणाऱ्या रोझालीनने एकदाही पत्रक उलटून पाहिलं नव्हतं. संघ राहिला की मैदान राहणारच, असं ती धरून चालली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यावर दोष कुणाला देणार?

पाडकाम सुरू झाल्यावर ती कॉफीचा रिकामा डबा घेऊन गेली. "डाव्या कोपऱ्यातली मूठभर माती दे रे बाबा," ती मुकादमाला म्हणाली.

"उशीर केलात, मॅडम. वरची माती मालकाने गेल्याच आठवड्यात नेली. संघाच्या नव्या दुकानात बाटल्या भरून विकतायत, आठवण म्हणून."

दुकानात रांग लागली होती.

"यातली डाव्या कोपऱ्यातली कुठली?" तिने विचारलं.

"सगळी एकत्र कालवलीय, मॅडम. किती देऊ?" विक्रेती म्हणाली.

तिने एक घेतली. मागे डेल उभा होता, दोन बाटल्या धरून.

"उन्हात ठेवू नकोस रे त्या," ती म्हणाली.

"अगं, माती आहे ती," डेल हसला.

"तरी पण," रोझालीन म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.