पंपाचे दोन कोट

त्या दिवशी सकाळी चिखलीत एवढं धुकं होतं, की समोरच्या शेडचे पत्रे दिसत नव्हते, नुसता ग्राइंडरचा आवाज यायचा. अशा हवेत माझ्या छातीत मांजरं ओरडायला लागतात. आणि त्याच दिवशी मी स्वतःच्या हातानं जी फजिती सुरू केली, ती काय सांगू तुम्हाला. चहा घ्या, निवांत ऐका.

मुलानं बजावलं होतं, महिन्याभरात दम उतरला नाही तर बीडला गावी नेऊन ठेवतो. आता गावी माझ्या वयाचं कोण उरलंय? सगळा जन्म इथं गेला. म्हणून शेजारचे गॅरेजवाले रशीदभाई मला स्कूटरवर बसवून पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले.

पूर्वी तिथं दम्याला गोळ्या मिळायच्या, फारच झालं तर मशीनची वाफ. पंप बाहेरून आणा म्हणायचे. या वेळी डॉक्टरीणबाईंनी पंपच हातात दिला, तोही फुकट. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे. सिस्टर कसा घ्यायचा ते दाखवायला लागली, तर मीच तिला थांबवलं. म्हटलं, "बाई, फवारा मला नका शिकवू. उभा जन्म फवारा मारण्यात गेलाय."

खोटं नव्हतं हो ते. मी लोखंडी कपाटं रंगवायचो. आमचे उस्ताद सांगायचे, रंगाची गन एक वीत लांब धर, हात थांबवू नकोस, थांबलास की ओघळ आला. पहिला कोट वाळला की दुसरा. काय दिवस होते! जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या मिशा निळ्या. अजून कुठं निळं कपाट दिसलं की मी त्यावरून बोटं फिरवून बघतो. तोंडाला फडकं बांधायचं मात्र आम्हाला कधी सुचलं नाही. दमा तिथूनच आला असणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तर घरी आलो. भिंतीला टेकून बसलो, तोंड उघडलं, पंप एक वीत लांब धरला आणि डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत झर्रकन हात फिरवला. पाच मिनिटं वाळू दिलं. मग दुसरा कोट.

पंधरवडा गेला, दम काही उतरेना. मी तिसरा कोट सुरू केला. तिकडे मुलानं चुलतभावाला फोन करून गावची खोली झाडून ठेवायला सांगितली. माझं जेवणावरचं मन उडालं. रशीदभाईंनी मला पुन्हा दवाखान्यात नेलं.

सिस्टर म्हणाली, "आजोबा, कसा घेता ते जरा करून दाखवा."

मी सगळं कसब लावून दाखवलं. बाकावरचे पेशंट खोकायचे थांबले.

"आणि औषध आत कधी ओढता?"

"ओढायचं कशाला? ओल्या कोटाला वारा लागू द्यायचा नसतो. मी श्वास रोखून बसतो ना."

ती बाई हसली नाही, एवढे तिचे उपकार. तिनं पंपाला लावायचा प्लास्टिकचा नळा दिला. ओठ घट्ट लावा, सावकाश ओढा, मग श्वास रोखून मनात दहापर्यंत मोजा. दर शनिवारी बोलावून माझ्याकडून करून घेतलं. महिना संपता संपता मी दोन जिने न थांबता चढलो. मुलगा मागून येत होता. त्यानंतर त्यानं गावाचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी रशीदभाई चहाला आले. मी टेकून बसायचो त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काका, तुम्हाला आराम पडला, बरं झालं. पण ह्या भिंतीला आता जन्मात दमा होत नाही."