उंबरठ्यावरचा पाहुणा

आमच्या शिक्षिका झाउरेश अपाई, अपाई म्हणजे बाई, सकाळी वर्गात शिरल्या की अंगातला कोटही न काढता आधी खिडकीखालच्या गरम पाण्याच्या नळीला तळहात लावायच्या. त्या नळीवरचा हिरवा रंग त्यांनीच कधीतरी नाण्याएवढा खरवडला होता. इतक्या वर्षांच्या स्पर्शाने तिथलं लोखंड चांदीसारखं झालं होतं. अल्माटीची कोरडी हवा, लोकरीचे कपडे, अंगात साठलेली वीज; चिप जळायला एक ठिणगी पुरे. नळीला हात लावला की अंगातली वीज जमिनीत उतरते. आम्हा बारा इंजिनियरांनाही नळीला हात लावल्याशिवाय चिपच्या बोर्डाजवळ जायची मुभा नव्हती.

"सगळ्या मेंढ्या आहात," त्या म्हणायच्या. "आधी लोकर शांत करा, मग डोकं चालवा."

एका जुन्या यंत्रसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर त्या पाच दिवसांची कार्यशाळा घेत. विषय कोऱ्या चिपचा. कारखान्यातून येते तेव्हा तिला काहीच येत नसतं; आपण जे सर्किट लिहून देऊ, ते ती बनते.

"म्हणजे नवी सूनच की," पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं.

"सुनेला सगळं येत असतं, ती फक्त बोलत नाही," अपाई म्हणाल्या. "ही खरंच कोरी आहे."

माझ्या शेजारच्या बाकावर ओरिनबासार बसायचा. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, डोंगरातल्या इशारा-केंद्रात काम करणारा. अपाई त्याला ओरेके म्हणत. कोकतास गावाच्या वरच्या घळीत त्याने एक पेटी बसवली होती. बर्फ वितळून चिखल-दगडांचा लोंढा निघाला की जमीन थरथरते; ती थरथर ओळखून पेटीने गावात भोंगा वाजवायचा. पण गेल्या उन्हाळ्यात पेटी दोनदा खोटं बोलली. दुसऱ्यांदा तर ऐन लग्नाच्या दिवशी. सगळं गाव टेकडीवर जाऊन बसलं, लोंढा आलाच नाही, आणि खाली कढईतलं मटण कुत्र्यांनी संपवलं.

"गावातला सापारगाली म्हातारा काय म्हणाला माहितीये?" ओरिनबासार सांगायचा. "म्हणाला, आता वाजला तर आम्ही आधी जेवू, मग बघू."

आम्ही हसलो. तो हसला नाही. एप्रिल चालू होता; जुलैत बर्फ वितळणार. त्याच्या आत पेटी दुरुस्त झाली नाही, तर खऱ्या लोंढ्याच्या वेळी गाव जेवत बसणार होतं.

संगणकावर त्याच्या पेटीचं सर्किट निर्दोष चाले. बोर्डावरही चाले. तिसऱ्या दिवशी अपाईंनी बोर्डाला एक डबा जोडला. तो चिपच्या दारावर सेकंदाला लाखो वेळा टकटक करायचा, पण चिपच्या तालाशी अजिबात न जुळणारी. शेजारी आकडा: खोटे भोंगे किती. चहाच्या वेळेपर्यंत आकडा सातवर गेला होता.

"चोर आहे हे तर ठरलं!" ओरिनबासारने कपाळ पुसलं. "पण कुठे लपलाय?"

"चोर तुझ्या घरातला, शिंगरा. मी कशाला सांगू?" अपाई म्हणाल्या. शिंगरू हा त्यांचा लाडाचा शब्द. पन्नाशीच्या माणसालाही तो चुकत नसे.

चौथ्या दिवशी दुपारी पहारेकरी गरम समशांचा, म्हणजे आमच्याकडच्या भाजलेल्या सामोशांचा, पुडा घेऊन आला आणि दारातूनच त्याने हात पुढे केला. ओरिनबासार ताडकन उठला.

"अहो, उंबरठ्यावरून नको! आत या, नीट उभे राहा, मग द्या."

अपाईंनी चहाचा वाडगा खाली ठेवला. "ओरेके, काय म्हणालास? परत म्हण."

"उंबरठ्यावरून देणंघेणं करू नये म्हणालो. का हो?"

"घरात एवढं कळतं तुला! मग चिपमध्ये पाहुण्याच्या हातातला पुडा उंबरठ्यावरच का हिसकावतोस?"

अपाई फळ्याकडे गेल्या. आत सगळं एका ठोक्यावर चालतं, त्या म्हणाल्या. बाहेरच्या थरथरीला तो ठोका माहीत नाही. ती नेमकी ठोक्याच्या क्षणी आली, तर धड आत नसते, धड बाहेर नसते. "आणि तू तिला सरळ दोन खोल्यांत नेलंयस. एक खोली म्हणते आली, दुसरी म्हणते कुठे आली? त्यांच्या भांडणात भोंगा वाजतो."

"मग करू काय?"

"एकच दार ठेव. पाहुण्याला आत घे. एक ठोका त्याला उभं ठेव, आणखी एक ठोका उभं ठेव. मग विचार, काय बातमी."

"पण अपाई, दोन ठोके उशीर होईल!"

"सेकंदात पाच कोटी ठोके आहेत तुझे. तुझा लोंढा काय विजेवर बसून येतो?"

समशाचा तुकडा तोंडात धरूनच त्याने त्या दोन पायऱ्या लिहिल्या. संध्याकाळी आकडा शून्य. शेवटच्या दिवशी दुपारीही शून्यच. तो दर पाच मिनिटांनी वाकून बघायचा.

"दृष्ट लावशील त्याला," अपाई म्हणाल्या. "चहा ओत त्यापेक्षा."

आनंदात त्याने त्यांचा वाडगा काठोकाठ भरला. आमच्याकडे चहा अर्धाच ओततात. भरलेला वाडगा म्हणजे निघा आता. बाकीचे अकराही जण ओरडले.

"घालवतोय मला!" अपाई हसत म्हणाल्या, आणि वाडगा पूर्ण प्यायल्या.

ओरिनबासारने पेटी पुन्हा घळीत बसवली. गावात जाऊन त्याने उंबरठ्याची गोष्ट सांगितली. "हे तर माझ्या नातीलाही कळतं," सापारगाली म्हणाला, पण आणखी एकदा विश्वास ठेवायला तयार झाला. मे आणि जूनभर भोंगा गप्प होता. जुलैत एका दुपारी वाजला. कोकतासचे लोक कुरकुरत उठले आणि टेकडी चढले. या वेळी मटणाची कढई दोघांनी काठीला टांगून सोबत नेली. अर्ध्या तासाने लोंढा आला. पूल गेला, न्हाणीघर गेलं. माणूस एकही गेला नाही.

मी अपाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. हिवाळ्यात त्या गेल्या. मधल्या काळात आमचं बोलणं झालं नाही, म्हणून त्यांचं शेवटचं बोलणं माझ्याजवळ आहे ते त्या दिवशीचं.

"बरं झालं गं," त्या म्हणाल्या. "ओरेकेला सांग, पेटी उघडशील तेव्हा आधी लोखंडी खांबाला हात लाव. आणि ते मटण गरम करून खा म्हणावं, गार बाधतं."