मामाजींच्या घुंगराची परीक्षा

साकोलीच्या मेडिकलमध्ये लेकीच्या, गुड्डीच्या गोळ्या घेत होते, तेव्हा शेजारणीचा फोन आला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जाळं टाकून तलावाच्या पाळीवर टेकले आणि तिथंच गेले... मला काही सुचेना. दुकानदारालाच विचारून बसले, "ह्या गोळ्या लागू पडतात का, हे आता कोणाला विचारू?" तो बिचारा म्हणाला, "डॉक्टरले इचारा, ताई." त्याला काय ठाऊक, आमच्या घरी डॉक्टरच्याही वरचा एक परीक्षक होता. महिना झाला, अजून रोज आठवण येते.

गुड्डीला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही आणि बूडही टेकत नाही. सानगडीच्या शाळेत ती बाकावर कमी आणि खिडकीत जास्त असायची. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि जितकी तोंडं तितक्या गोष्टी सुरू झाल्या. शाळेतल्या बाई म्हणत, फरक आहे. नवरा म्हणे, काही नाही, बंद कर. मला सकाळी फरक दिसायचा, संध्याकाळी दिसायचा नाही. लेकराच्या पोटात रोज औषध घालायचं आणि ते लागू पडतं की नाही हेच कळू नये, ह्या धास्तीनं माझ्या जिवाला घोर लागला होता.

मग डॉक्टरांनी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. डोक्याला पट्टा, हातात बटण. ठरलेलं चित्र आलं की दाबायचं, आणि डोकं किती हललं ते मशीन मोजणार. एकदा गोळीशिवाय, एकदा गोळी देऊन. मामाजी मागे बसून सगळं निरखत होते. परतताना एसटीत म्हणाले, "सुनबाई, हे त आपल्या तलावावर बी होते. इतक्या दूर कायले या लागते?"

गळाला मासा लागल्याचं कळावं म्हणून आमच्याकडे दोरीला घुंगरू बांधतात. ते त्यांनी गुड्डीच्या वेणीत बांधलं आणि तिच्या हाती गळ दिला, चारा न लावता. पाळीवरचे लोक हसून हसून लोळले. मामाजी ढिम्म. "मासा मंधात आला का मोजणी बिघडते," म्हणाले. मलाही ताकीद दिली, "गोळी देली का नाही, मले सांगू नोको. सांगशीन त माहे कान तसंच आयकतीन." आणि तिच्याकडे पाठ करून बसले, नुसतं ऐकत.

पण सारी हयात मासे धरण्यात गेलेली. घुंगरू वाजलं की त्यांचा हात आपोआप झटका द्यायचा. पहिल्याच दिवशी ते वाजलं आणि मामाजींनी मागं न बघता हाताला लागलं ते जोरात खेचलं. ती वेणी होती. गळ तलावात, पोरगी चिखलात. "मोठा हाय" असं ते तेव्हा ओरडले, हे गुड्डी अजून सगळ्यांना सांगते. ते मात्र शेवटपर्यंत नाकबूल.

पुढं डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली आणि एका दिवशी घुंगरू वाजलंच नाही. मी मनातून हरखले. मामाजी मात्र तोंड पाडून घरी आले. "गोळी लागू हाय," म्हणाले, "पर आज पोरीनं मले एक बी गोष्ट इचारली नाही. घुंगरू चूप पाहिजे, पोरगी नाही." मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत. हे मशीनमध्ये येत नाही, बरं झालं सांगितलंत, म्हणाले आणि गोळी कमी केली. मग गुड्डी बाकावर बसायलाही लागली आणि डोकंही खायला लागली. माझा घोर गेला तो तेव्हा.

दहाव्याला पाहुण्यांनी घर भरलं होतं. गुड्डी सकाळपासून मामाजींच्या खाटेवर बसून... ना हलली, ना बोलली. नवऱ्याची आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, "औषधानं किती फरक पडला व पोरीले."

मी नुसतं हो म्हटलं. मामाजी गेले त्या दिवसापासून तिला गोळी द्यायचं मला सुचलंच नव्हतं.