दुसऱ्या कॅनची डाळ

आम्ही दोघा नवराबायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीची डाळ निवडणं. दारातल्या पायरीवर बसून, मधी सूप ठेवून. तिनं तीन खडे काढले. मी एकही काढला नाही. माझ्या बाजूला नव्हतेच म्हणालो, तर म्हणाली, "तुमच्या बाजूला असत्यात, तुमास्नी दिसत न्हाईत." एवढंच बोलणं झालं. काही मोठं बोललो असतो तर आता सांगायला बरं पडलं असतं.

ती डाळ खायची होतीच, पण आधी परीक्षेची होती. ते सांगतो.

मुलगा सांगलीत एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. सून कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. त्यांची एक मुलगी, आमची नात, जूनला पहिलीत जाणार. तिघं बाजाराजवळ एका खोलीत राहत होती. आता शहराच्या कडेला फ्लॅट घ्यायचा ठरलं. शाळा चांगली पाहिजे, चालत जाण्यासारखी पाहिजे, आणि दोघांना कामावर जायला रोजची दमछाक नको. नातीला शाळेत सोडायला आणायला कोणीतरी लागणार, म्हणून आम्ही दोघांनी गाव सोडून तिथं राहायला जायचं. कोणीतरी म्हणजे ही. मी तिच्याबरोबर येणारं सामान.

दोन जागा होत्या. एक मिरजेच्या रस्त्याला, एक माधवनगरच्या बाजूला. कॉलनीचं नाव लिहीत नाही, तिथं माणसं राहतात.

मी गवंडी. चौथीपर्यंत शिकलो, चौथी दोनदा शिकलो. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली, तेव्हा घर बघायला मलाच बोलावलं असं मला वाटलं. मी दोन्हीकडच्या भिंती ठोकून बघितल्या, ओळंबा लावून बघितला. दोन्हीकडं गिलावा सारखाच वाईट होता. तसं सांगितलं. कोणी लिहून घेतलं नाही.

सगळे हिच्या तोंडाकडं बघत होते. सुनेनं फोनवर नकाशा दाखवला. "आत्या, हितनं दुकान बारा मिनिटं दाखवतंय."

"फोनला दाखवतंय. फोन काय बसनं जातोय?"

मग मला बसमध्ये घातलं. दोन दिवस आम्ही मुलाच्या खोलीवर राहिलो. एका सकाळी मिरज रस्त्याच्या कॉलनीतून, दुसऱ्या सकाळी माधवनगरकडच्या, कामाच्या वेळेला बस धरून दवाखान्यापर्यंत जायचं आणि घड्याळ बघून सांगायचं. दोन्ही दिवस हातात एकेक पाच लिटरचा तेलाचा कॅन, सोड्यानं धुतलेला, त्यात त्या त्या फ्लॅटच्या मोरीतल्या नळाचं पाणी भरलेलं. गर्दीत उभा राहून मी तो कॅन पोटाशी धरला होता. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, दवाखान्यात पाणी न्हाई व्हय?" मी म्हटलं, "हाय. बायकू हाय, म्हणून घिऊन चाललोय." त्यानं पुढं विचारलं नाही. लग्न झालेला असावा.

पहिली बस पस्तीस मिनिटं. दुसरी सव्वीस.

शाळेची परीक्षा तिनं स्वतः घेतली. शाळा सुटताना फाटकापाशी उभी राहायची आणि बाहेर येणाऱ्या पोरांचे डबे हलवून बघायची. ज्या शाळेत पोरं डबा संपवून येतात तिथं बाई पोरांकडं लक्ष देते, असा तिचा हिशोब. मिरज रस्त्याकडच्या शाळेचं फाटक मोठं होतं आणि डबे वाजत होते. तिथं एका आईनं हिला विचारलं, "तुमी कोण? पोराचं दप्तर का धरलंय?" वॉचमन आला. ही त्यालाच म्हणाली, "ह्या पोरानं भाजी तशीच आणलीया. तुमी काय बघताय हितं बसून?" मी लांब उभा होतो. ओळख दाखवली नाही.

दुसरी शाळा साधी, पत्र्याची शेड जोडलेली. तिथले डबे रिकामे होते. एकीच्या डब्यात लिंबाची फोड राहिली होती, ती तिनं माफ केली.

तरी तिनं निकाल दिला नाही. पाणी राहिलं होतं. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही त्या पाण्यावर संसार होत नाही, हे तिच्या आईचं म्हणणं, आणि तिच्या आईसमोर माझंही काही चाललं नव्हतं. आम्ही दोन्ही कॅन घेऊन एसटीनं गावी आलो. जागा दाखवणाऱ्या माणसानं मुलाला सांगितलं होतं, परवा सकाळी दहापर्यंत कळवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. मुलगा म्हणाला, आई सांगेल ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळ निवडली ती ह्याच्यासाठी. पहिल्या कॅनचं पाणी घेऊन तिनं उघड्या पातेल्यात शिजत घातली. कुकर चालत नाही. "कुकरात दगडबी शिजतो," म्हणायची. दीड तास झाला तरी डाळ डाळीसारखीच. बोटानं दाबून मला दाखवली. सुनेला आवडलेली जागा तीच होती, मिरज रस्त्याची, लिफ्टची. आम्ही ती कच्ची डाळ भाकरीबरोबर खाल्ली, कारण टाकायची नाही. मी म्हटलं दुसऱ्या कॅनचीपण लाव. म्हणाली, "दोनदोन डाळी कोण खानार? उद्या सकाळी लावते. कळवायला दहापतोर वेळ हाय."

भांडी घासून ती भिंतीला टेकून बसली. मी चहा मागितला. मग परत एकदा मागितला.

मुलगा, सून, नात चार वाजेपर्यंत आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. आमच्याकडं माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. मी मसणवटीतून आलो तर भावकीतल्या बायकांनी हंडे, कळशा, माठ, सगळं पालथं घातलेलं. पहिला कॅनही गेला होता, त्याचं काही नाही. दुसरा तेवढा माझ्या बाजेखाली होता. एका चुलत भावजयीला दिसला. म्हणाली, "भाऊजी, त्यो द्या हिकडं." मी त्यावर पाय ठेवून बसलो. पाणी भरलेल्या कॅनवर पाय ठेवून बसलेल्या म्हाताऱ्याशी अशा दिवशी कोणी भांडत नाही.

सकाळी मी उठलो आणि गॅस पेटवला.

सुतकात आमच्यात चूल पेटवत नाहीत. भावकी जेवण आणते. माझी थोरली बहीण आदल्या दिवसापासून आली होती, ती पदर सावरत आत आली.

"आरं, काय करतोस? सुतकात चूल पेटीवतोस व्हय? लोकं काय म्हनतील?"

"लोकं सांगलीला राहायला जानार न्हाईत."

"तुला डाळ तरी करता येती का?"

येत नव्हती. सुपात निवडलेली निम्मी डाळ शिल्लक होती. पाणी किती घालायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून सिमेंटात घालतो तसं अंदाजानं घातलं. मुलगा दारात उभा होता, डोळे सुजलेले. "आबा, जागेचं राहू द्या आता. आईच न्हाई तर पोरीला सोडनार कोन?"

मी म्हटलं, "घड्याळ बघ. किती वाजलं?"

"साडेआठ."

"मग गप बस."

तो पाटावर बसला. थोड्या वेळानं सून येऊन त्याच्या शेजारी बसली, नात तिच्या मांडीवर. बहीणपण नको नको म्हणत खाली बसली. पातेल्याला फेस आला तो मी काढला. ती काढायची. साडेनऊला एक दाणा बोटात धरून दाबला. मला वाटलं माझ्या बोटाला कळणार नाही, चुना आणि वाळूत ती बोटं गेलीत. दुसरा दाबला. मग चमचाभर काढून सुनेच्या हातावर ठेवली.

तिनं दाबली. पीठ झालं. ती लिफ्टच्या जागेचं काही बोलली नाही. "शिजली, मामा," म्हणाली, आणि रडायला लागली.

मी मुलाला म्हटलं, "फोन लाव त्याला. माधवनगरकडची. पोरीला मी सोडीन. सकाळी सोडीन, दुपारी आनीन, डबा हलवून बघीन."

त्यानं फोन लावला. दहाला वीस मिनिटं होती.

भावकीची भाकरी आली होती, ती सगळ्यांनी खाल्ली. डाळीला कोणी हात लावला नाही, सुतकात पेटवलेल्या गॅसवरची. टाकायची नव्हती, म्हणून मी पातेलं घेऊन पायरीवर बसलो आणि खाल्ली. मीठ घालायचं राहिलं होतं. एक खडाही लागला.